हफ्ता, हप्ता आणि 'या महिन्याचा आठवडा'

तुमची पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. हिंदी मालिकेतला गुंड टपरीवाल्याला दरडावतो, "इस महीने का हफ्ता कहाँ है?" तुम्ही उपशीर्षकात 'या महिन्याचा हप्ता कुठाय?' लिहिलंत आणि तपासणाऱ्याने त्याचं 'या महिन्याचा आठवडा कुठे आहे?' करून टाकलं. हे मी भोगलंय, आणि तेही याच शब्दावरून.

मूळ विचारलंत म्हणून थोडक्यात. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात, त्यावरून सात दिवसांचा हफ्ता. संस्कृत 'सप्त'चा हा भाऊबंद. सिंधूचा हिंदू झाला तसाच इथेही 'स'चा 'ह'. म्हणजे 'सप्ताह' आणि 'हप्ता' एकाच घरचे. मराठीत एकाने देवळात वीणा धरली, दुसरा गल्ल्यापाशी जाऊन बसला. दिवस मोजायला आपल्याकडे 'आठवडा' होताच, म्हणून 'हप्ता' पैशाकडे सरकला असावा. (हा माझा तर्क. मी भाषाशास्त्रज्ञ नाही.) ठरावीक मुदतीने द्यायची रक्कम, एवढाच अर्थ उरला आणि सात दिवसांची अट गळून पडली. घरकर्जाचा हप्ता महिन्याला, पीएम किसानचा 2000 रुपयांचा चार महिन्यांनी, उसाचा कारखान्याच्या मर्जीने.

यातल्या बहुतेक ठिकाणी हिंदीत 'किस्त' म्हणतात. गोम तिथेच आहे. हिंदीवरून मराठी तपासणाऱ्याला हप्ता दिसला की फक्त सोमवार ते रविवार दिसतात.

गुंडाचा हप्ताही त्याच हिशोबातला. रक्कम ठरलेली, दिवस ठरलेला, माणूस येऊन घेऊन जातो. म्हणून तो 'बांधलेला' असतो, 'चालू' असतो, 'पोचतो' किंवा 'थकतो'. एकदाच हातावर टेकवतात ती चिरीमिरी. 'खंडणी' पूर्वी राजे मांडलिकांकडून घेत, आता ती गुन्ह्याच्या नोंदीत आणि बातमीत असते. पात्र वकील किंवा पत्रकार असेल तर खुशाल 'खंडणी' लिहा, पण टपरीवाल्यापुढे उभा राहून 'खंडणी दे' म्हणणारा गुंड मला तरी अजून भेटायचाय.

आता माझं रडगाणं. माझ्या वेळच्या एजन्सीकडे (नाव घेत नाही) एक शब्दसूची होती. प्रत्येक हिंदी शब्दासमोर एकच मराठी शब्द. हफ्ता = आठवडा. मी कारण लिहून पाठवलं. उत्तर आलं, सूचीप्रमाणे करा. उदाहरणं पाठवली, उत्तर आलं, सूची बदलण्याचा अर्ज वेगळ्या विभागाकडे करा. त्या विभागाने कळवलं की अर्ज तपासनिसामार्फतच आला पाहिजे. म्हणजे ज्याने चूक केली त्याच्याच सहीने! तोवर 'नियमभंग' म्हणून माझं बिल अडकलं, आणि भाग 'आठवडा वसूल करायला' निघालेल्या गुंडांसकट प्रदर्शित झाला. शेवटच्या पाटीवर भाषांतरकार म्हणून नाव कोणाचं? माझं. बिल उशिरा का होईना मिळालं, पण ती पाटी अजून तशीच आहे. नातेवाईक लग्नकार्यात विचारतात, "काय, आठवडा पोचला का?"

तेव्हा माझं ऐका (तुमचा करार मी पाहिलेला नाही, हे गृहीत धरून): काम घेण्याआधी शब्दसूची मागून घ्या. देत नसतील तर दर वाढवून सांगा. आणि माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, अंतिम मजकूर तुमच्या संमतीशिवाय बदलला तर तुमचं नाव काढायचं, हे ईमेलवर कबूल करून घ्या. फोनवरचं 'हो हो' धरू नका.

उलट बाजूही सांभाळा. 'दो हफ्ते बाद'चं 'दोन हप्त्यांनी' करू नका. 'पंधरा दिवसांनी' लिहा, आपण बोलतो तसंच. मात्र माझा कान मुंबईचा. नागपूरकडची माणसं आठवड्यालाही सर्रास हप्ता म्हणतात, तेव्हा पात्र तिकडचं असेल तर 'पुढच्या हप्त्यात येतो' बिनधास्त ठेवा. तपासणारा तिथेही 'आठवडा' करणारच, पण निदान गुंड तरी हास्यास्पद होणार नाही.

आणि त्याच मालिकेत 'सुपारी' येणार असेल, तर ती पानाच्या तबकात जाणार नाही एवढं आत्ताच पाहून ठेवा.