वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डिंगसाठी कंप्रेसर पेडल कोणतं घ्यावं?

प्रश्न : मी घरी इलेक्ट्रिक गिटार रेकॉर्ड करते. सिंगल कॉइल पिकअपची गिटार थेट ऑडिओ इंटरफेसला जोडते आणि अॅम्पचा आवाज सॉफ्टवेअरमधून घेते. क्लीन टोनवर कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजवले की एखादा कानाला टोचतो आणि त्याच्या शेजारचा पार बुडतो. डायना कॉम्प, बॉसचं सीएस-३ आणि एखादं छोटं स्वस्त पेडल अशी यादी केली आहे. खर्च बेताचाच करायचा आहे. एकच घ्यायचं तर कोणतं?

उत्तर : पेडल मागवण्याआधी एक काम करा. कंप्रेसर म्हणजे मोठे स्वर दाबून सगळ्यांची पातळी जवळ आणणारं साधन, आणि तुमच्या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो बहुतेक आधीपासूनच असेल. तो अॅम्पच्या प्लगइनच्या आधी लावा, म्हणजे पेडल जिथे बसलं असतं तिथेच. रेशो (किती दाबायचं) ४:१, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास. आता गिटार वाजवत थ्रेशोल्ड, म्हणजे जिच्या वर दाबणं सुरू होतं ती पातळी, हळूहळू खाली आणा. सगळ्यात जोरात वाजलेल्या स्वराला मीटरवर चार-पाच डेसिबलची घट दिसली की थांबा. टोचणारा स्वर मागे सरकला आणि बुडणारा वर आला, तर पत्रातली अडचण एक पैसाही न खर्चता सुटली. तुम्ही वाजवताना आवाज सॉफ्टवेअरमधूनच ऐकता, त्यामुळे बोटांनाही हा कंप्रेसर लगेच जाणवेल.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण पेडलमधून दाबून रेकॉर्ड केलेला आवाज नंतर मोकळा करता येत नाही. रात्री हेडफोनवर छान वाटलेलं कंप्रेशन बेस आणि ड्रम्स आल्यावर गिटारला सपाट करून टाकतं. असे ट्रॅक मिक्सिंगसाठी माझ्याकडे नेहमी येतात. त्यातला हरवलेला पिकचा ठोका परत आणायचं कुठलंच साधन माझ्याजवळ नसतं.

तरीही पेडल घ्यावं अशी कारणं आहेत आणि ती खरी आहेत. फंकची तुटक ऱ्हिदम, स्लाइडचा लांब धरलेला स्वर, कंट्रीतली टणटणीत पिकिंग, यात कंप्रेसर वाद्याचाच भाग होऊन जातो. पायाखाली पेडल असलं की हात वेगळा चालतो. शिवाय उद्या खऱ्या अॅम्पसमोर उभ्या राहाल तेव्हा प्लगइन सोबत नसेल. म्हणून तुमच्या यादीकडे वळतो.

डायना कॉम्प १९७० च्या दशकातलं. नॉब दोनच : आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी (किती दाबायचं). मूळ सर्किटमध्ये सीए३०८० नावाची चिप होती आणि पुढच्या कितीतरी पेडलांनी याच घराण्याचा वारसा घेतला. त्याचा आवाज मला मनापासून आवडतो : पहिला ठोका चेपतो, मग स्वर फुलत जातो, आणि वरची चकाकी थोडी कमी होते. पण कंप्रेसर लावलाय हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. तुम्हाला स्वर फक्त एका पातळीवर आणायचे आहेत. त्यासाठी हा शिक्का फार ठळक आहे, आणि मूळच्या दोन नॉबांच्या मॉडेलमध्ये अटॅक बदलायची सोय नाही.

सीएस-३ हे १९८६ पासूनचं. लेव्हल, टोन, अटॅक, सस्टेन असे चार नॉब. तुमच्या कामाला अटॅकचा नॉब सगळ्यात मोलाचा, कारण पिकचा पहिला ठोका किती शाबूत ठेवायचा हे त्याने ठरवता येतं. टोनने हरवलेली चकाकी भरून काढता येते. सस्टेन, म्हणजे दाबण्याचं प्रमाण, फार चढवला तर मात्र मागे सूं असा आवाज येऊ लागतो, म्हणून तो अर्ध्याच्या खालीच ठेवा.

या दोन्हींत नसलेला एक नॉब मी कुठल्याही ब्रँडच्या आधी शोधतो : ब्लेंड. त्याने दाबलेल्या आवाजात गिटारचा मूळ आवाज हवा तेवढा मिसळता येतो. ठोका मूळ आवाजातून येतो, शेपूट कंप्रेसरमधून. रेकॉर्डिंगमध्ये याच्याइतकी दुसरी सुरक्षित सोय नाही, कारण कंप्रेशन जास्त झालं तरी गिटारचा जीव शिल्लक राहतो. टीसी इलेक्ट्रॉनिकच्या हायपरग्रॅव्हिटीच्या मोठ्या पेडलवर ब्लेंड आणि अटॅक दोन्ही आहेत. कीलीच्या कंप्रेसर प्लसवर ब्लेंड आहे, वर सिंगल कॉइल आणि हंबकर या पिकअपच्या दोन प्रकारांसाठी वेगळा स्विचही. झोटिकचं एसपी आकाराने चिमुकलं, पण ब्लेंड त्यातही आहे. छोट्या स्वस्त पेडलांत बऱ्याचदा एक-दोनच नॉब असतात आणि बाकीचं सगळं बनवणाऱ्याने ठरवून टाकलेलं असतं, म्हणून ते घेण्याआधी स्वतःच्या गिटारवर ऐकाच.

तेव्हा माझं उत्तर असं. ब्लेंड असलेलं पेडल वापरलेलं मिळत असेल तर ते घ्या. नसेल तर तुमच्या तिघांतलं सीएस-३. वापरलेलं घेताना प्रत्येक नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून खरखर ऐका, जॅक हलवून आवाज तुटतो का बघा, आणि तारांवर हात ठेवून सस्टेन पूर्ण चढवून मागची सूंसूं ऐका. फार जुन्या डायना कॉम्पला ना दिवा असतो ना अॅडॉप्टरची जागा, ते फक्त बॅटरीवर चालतं. बाकीच्यांना बहुतेक ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह असलेला अॅडॉप्टर लागतो, पण पेडलवरची खूण वाचल्याशिवाय पिन खुपसू नका.

पेडल चालू-बंद करून तुलना करताना लेव्हलचा नॉब असा लावा की दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा वाटेल. जो आवाज जरा मोठा, तोच कानाला चांगला वाटतो, आणि कितीतरी पेडलं याच जोरावर आवडून जातात.

इंटरफेसला दोन इनपुट असतील आणि एक डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइकच्या पातळीवर आणून देणारी डबी) मिळाला तर आणखी चांगलं. गिटार डीआय बॉक्समध्ये, त्याच्या थ्रू जॅकमधून पेडलकडे आणि पुढे एका इनपुटला. डीआयचं माइकसारखं आउटपुट दुसऱ्या इनपुटला. दाबलेला आणि मूळ असे दोन्ही ट्रॅक हाती राहतात, आणि पेडलवर नसलेला ब्लेंड मिक्समध्ये करता येतो. दोन्ही एकत्र वाजवल्यावर आवाज पातळ झाला तर एका ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून बघा.

प्रश्न : माझ्याकडे कंप्रेसर आहे. मी वाजवायचं थांबलो की खरखर हळूहळू वर येते, आणि जलद ऱ्हिदममध्ये सगळे स्ट्रोक मेल्यासारखे वाटतात. पेडल बिघडलंय का?

उत्तर : बहुधा नाही. पेडल मोठा स्वर १२ डेसिबलने दाबत असेल आणि तुम्ही लेव्हल तेवढीच वाढवली असेल, तर शांततेत दाबण्यासारखं काहीच उरत नाही आणि गिटारची सगळी गुणगुण १२ डेसिबलने, म्हणजे सुमारे चौपट व्होल्टेजने, पुढे जाते. सस्टेन उतरवा. कंप्रेसर ओव्हरड्राइव्हच्या (आवाज फाडणाऱ्या पेडलच्या) नंतर लावला असेल तर त्याच्या आधी, गिटारच्या बाजूला आणा. ओव्हरड्राइव्ह आधीच आवाज दाबतो आणि त्याची खरखर कंप्रेसर आणखी वर काढतो. जुन्या धाटणीचं फझ (आवाज आणखी जास्त फाडणारं पेडल) असेल तर मात्र ते गिटारला सर्वात जवळ राहू द्या. त्याला पिकअपचा थेट सहवास लागतो.

मेलेल्या स्ट्रोकचं कारण रिलीज. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन अर्ध्या मात्रांमध्ये २५० मिलिसेकंदांचं अंतर असतं. कंप्रेसरला सावरायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पुढचा स्ट्रोक येतो तेव्हा तो आधीचाच दाबून बसलेला असतो, आणि जोरात मारलेला व हलका मारलेला यांत फरक उरत नाही. रिलीजचा नॉब असेल तर तो लहान करा. नसेल तर सस्टेन कमी करणं एवढाच मार्ग आहे. आणि ऱ्हिदमच्या ट्रॅकवर पेडल बंद ठेवून सॉफ्टवेअरमधून दोन-तीन डेसिबल दाबून बघा, मी स्वतः बहुतेक वेळा तेच करतो.