प्रमाणपत्र मिळाले म्हणून सुई हातात घेता येते का?

प्रश्न : मी डिचोलीचा. माझा १९ वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळतो. खांदा आखडला म्हणून अकादमीच्या ट्रेनरने वेगळे पैसे घेऊन मानेच्या बाजूला ड्राय नीडलिंग (औषधाविना बारीक सुई स्नायूत टोचणे) केले. संध्याकाळी धाप लागली. गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) एक्स-रे काढला तर फुप्फुसाभोवती हवा. चार दिवस छातीत नळी. ट्रेनर म्हणतो, ‘माझ्याकडे अमेरिकेच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र आहे आणि मुलाने स्वतःच्या जबाबदारीवर सही केली आहे.’ तक्रार करता येईल का?

उत्तर : येईल. मुलगा सज्ञान आहे, तेव्हा तक्रार त्याच्याच नावाने करा. पैसे तुम्ही भरले असले तरी सेवा घेणारा तोही ग्राहकच.

आधी ते अमेरिकी प्रमाणपत्र. तिथे ॲथलेटिक ट्रेनर हा रीतसर आरोग्य व्यवसाय आहे; तरीही सुई टोचण्याची मुभा त्याला प्रत्येक राज्यात नाही. फिजिओथेरपिस्टांनाही ती भांडूनच मिळाली. नॉर्थ कॅरोलायनात ॲक्युपंक्चर मंडळाशी झालेला वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१८ मध्ये फिजिओंच्या बाजूने सुटला. आपल्याकडे ‘ट्रेनर’ अशी पाटी कुणीही लावतो. आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात फिजिओथेरपी आहे, आणि ‘हेल्थकेअर प्रोफेशनल’ म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांची पदवी लागते. ट्रेनरच्या कोर्सचे तास त्यालाच विचारा.

समोरचा वकील म्हणेल, ट्रेनरने हे करू नये असे लिहिलेय कुठे? आणि सुईत औषधही नव्हते. पण फुप्फुसाचे टोक कॉलरबोनच्याही वर येते; तिथे धोका सुईचाच असतो, औषधाचा नव्हे. पूनम वर्मा खटल्यात (१९९६) होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे दिली होती. ज्या शास्त्राची पात्रता नाही त्यात उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तुमचा दावा मी याच निकालावर उभा करीन. पुढेमागे ट्रेनरना रीतसर शिकवून, नोंदणी करून परवानगी दिली तर माझी हरकत नाही. आज तसे काही झालेले नाही.

सहीला घाबरू नका. सर्वोच्च न्यायालयाच्याच समीरा कोहली निकालानुसार (२००८) उपचार कोणता, धोका काय, पर्याय कोणते हे सांगून घेतलेलीच संमती खरी. फुप्फुसाला भोक पडू शकते असे त्या कागदावर आहे का? आणि असले, तरी ट्रेनरला नसलेला अधिकार तुमच्या मुलाच्या सहीने कसा मिळेल?

तक्रार पर्वरीच्या उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे, घटनेपासून २ वर्षांच्या आत. सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर शुल्क लागत नाही. अकादमीलाही प्रतिवादी करा, विशेषतः पैसे तिच्या खात्यात गेले असतील तर. गोमेकॉत बिल फारसे झाले नसेल, म्हणून नुकसान झाले नाही असे समजू नका. वेदना आणि बुडालेला मोसम हेही मागता येते.

पोलीस तक्रारही करता येते. जिवाला धोका पोचवणारी दुखापत ‘गंभीर’ ठरते आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आहे. मात्र भरपाई हवी असेल तर भर आयोगावरच ठेवा.

आणि डिस्चार्ज कार्ड आजच काढून बघा. ‘सुई टोचल्यानंतर त्रास सुरू झाला’ ही नोंद त्यावर नसेल, तर भरतीच्या वेळच्या केसपेपरांच्या प्रती लेखी अर्ज देऊन मागा. पहिल्या डॉक्टरला मुलाने जे सांगितले, ते तिथे असेल.