फायर ब्रिगेड बोलावली तर बिल कोण भरतं?

प्रश्न ठाण्यातल्या सोसायटीचा आहे: फ्लॅटला आग लागली आणि 101 ला फोन केला तर पैसे द्यावे लागतात का?

नाही. बंब फुकट येतो असं वाटतं, पण तो आपण मालमत्ता कर भरतो तेव्हाच पोसलेला असतो. आणि खरा खर्च आगीच्या दिवसाचा नसतोच. बाळकुम किंवा जवाहरबाग अग्निशमन केंद्रातली माणसं चोवीस तास बसून असतात. फोन आला नाही तरी पगार, डिझेल, गाडीची देखभाल चालूच. उंच टॉवरांसाठी लागणाऱ्या शिडीच्या गाडीची किंमत तर कोटींत जाते. घोडबंदरला मजले वाढवत नेले की हा खर्चही वाढणारच, हे बुकिंग करताना कोणी बोलत नाही!

घटनास्थळी मग पोलीस, महावितरणचे कर्मचारी, आपत्ती व्यवस्थापन कक्ष, 108 ची रुग्णवाहिका असे सगळेच येतात. शिवाय खालच्या मजल्यांवर पाणी उतरतं, फर्निचर फुगतं, लिफ्ट बंद पडते. हा भाग कोणत्याच सरकारी हिशेबात नसतो. तो तुमचा, नाहीतर विमा कंपनीचा.

सोसायटीच्या खिशाला बसणारी एक गोष्ट मात्र कायद्यातच आहे. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून अग्निशमन यंत्रणा तपासून ती चालू स्थितीत असल्याचं ‘नमुना ब’ प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यावं लागतं. मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये नेमका हाच खर्च पुढे ढकलतात. होजरीलला (इमारतीतच बसवलेल्या आग विझवायच्या पाइपला) पाणीच नसेल, तर बंब येईपर्यंतची पहिली दहा मिनिटं सर्वांत महागात जातात.