नववीतली मुलगी 'शाळा' वाचून दोन दिवस गप्प आहे, काळजी करू का?

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी नववीत, मिलिंद बोकीलांची 'शाळा' वाचून संपवली आणि तेव्हापासून कुणाशी नीट बोलत नाही, जेवतानाही गप्प, विचारलं की "काही नाही". हे नॉर्मल आहे का, की हे पुस्तक वाचायचं तिचं वय नव्हतं?

काकू (काकू चालेल ना? मी सतरा वर्षांची, बारावी सायन्स, आत्ता खरंतर केमिस्ट्रीचं जर्नल लिहायला बसले होते), तुमचा प्रश्न वाचून मला हसूच आलं. सेम पुस्तक, सेम नववी. माझे फक्त तीन दिवस होते. आईला वाटलं पोट दुखतंय, तिनं ओवा चावायला दिला आणि मी तो गपचूप चावला, कारण "आई, शिरोडकर गेली" हे तिला कसं सांगणार?

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी, कादंबरी 2004 ची आहे, काळ आणीबाणीचा, छोटं गाव, नववीतला मुकुंद जोशी, त्याचे सुऱ्या-चित्र्या-फावड्या हे मित्र, आणि त्याला आवडणारी शिरोडकर. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि जोशी दहावीत. (सॉरी, शेवट फोडला, पण त्याच्याशिवाय काकूंना उत्तर देता येत नाही.)

तर मी तीन दिवस गप्प का होते? रडू येत होतं म्हणून नाही. मला लाज वाटत होती. म्हणजे आमच्या वर्गात जे जे चालायचं, कोण कुणाकडे बघतं, कोण कुणाच्या नावानं चिडवतं, आपल्याला आवडणाऱ्या मुलाच्या घरावरून उगाच सायकल नेणं, हे सगळं मला वाटायचं फक्त मला माहितीये, आणि इथं कुणीतरी मोठ्या माणसानं छापून ठेवलंय, आणि ते लायब्ररीत ठेवलंय, आणि ग्रंथपाल काकांनी ते माझ्या कार्डावर लिहून मला दिलंय! मला वाटलं आता सगळ्यांना कळलं. असं वाटत असताना माणूस जेवताना काय बोलणार.

त्यात आमच्या शाळेत वाचनाची वही होती. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो ना, कलामांचा वाढदिवस, तेव्हापासून ती वही सुरू झाली होती, रकाने आखलेले: पुस्तकाचं नाव, लेखक, पाने, बोध. बोधाच्या रकान्यात मी काय लिहिलं माहितीये? "शालेय जीवनात अभ्यासाला महत्त्व द्यावे." लाल पेनानं बरोबरची खूण आणि "छान". मला अजून त्या वाक्याची लाज वाटते, पुस्तकापेक्षा जास्त.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर, जेवतेय ना, झोपतेय ना, शाळेत जातेय ना? मग तिला राहू द्या दोन दिवस. जेवणंच सुटलं, आठवडाभर असंच चाललं, तर मग पुस्तकाला दोष देत बसू नका, दुसरं काहीतरी असेल, ते जवळ बसून विचारा. आणि प्लीज, "काय शिकलीस त्यातून" हे विचारू नका.

आता खरी गंमत पुढची आहे, म्हणून एवढं लिहितेय. दहावीत मी तेच पुस्तक परत आणलं. मधल्या काळात एक झालं होतं. ट्युशन सुटली की एका बाईकवर दोन मुलं आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत मागे यायची. रोज. बोलायची नाहीत, हात नाही लावला, काही नाही, नुसती बाईक एकदम हळू, पहिल्या गिअरवर, तो आवाज मी आजपण ओळखेन. मी ओढ्याकडची वाट सोडून मोठ्या रोडनं जायला लागले, दहा मिनिटं जास्त लागायची, घरी सांगितलं नाही कारण सांगितलं की ट्युशन बंद होणार हे फिक्स होतं.

आणि हे चालू असताना मी परत 'शाळा' उघडली आणि माझा जोशी, जो मला नववीत इतका आवडला होता की वहीच्या मागे त्याचं नाव लिहायचं बाकी होतं, तो पण तेच करतोय की! तो पण तिच्या वाटेवर रेंगाळतोय, बघतोय, मित्रांबरोबर 'लाईन'च्या गप्पा मारतोय. सुऱ्या आणि त्याला आवडणारी केवडा, त्यांचं प्रकरण पहिल्यांदा मी हसत हसत वाचलं होतं. दुसऱ्यांदा हसू आलं नाही. जोशी वाईट नाहीये, मला तो अजूनही आवडतो, प्रॉब्लेम तोच आहे. तो चांगला आहे हे आपल्याला कळतं कारण आपण त्याच्या डोक्यात बसलोय. शिरोडकरला ते कुठून कळणार, तिला फक्त मागून कुणीतरी येतंय एवढंच दिसत असणार.

मग मी एक वेडेपणा केला. शिरोडकर जिथं जिथं स्वतः काही बोलते तिथं पेन्सिलनं बारीक टिंब द्यायला लागले. बरीच बरीच पानं टिंबाशिवाय जायची. पुस्तक परत करताना ग्रंथपाल काकांना ती टिंबं दिसली, त्यांनी काही विचारलं नाही, खोडरबर हातात दिला आणि समोरच्या बाकाकडे बोट केलं. एक तास खोडत बसले होते.

यावर कुणी म्हणेल मग लेखक चुकला का, तर नाही, नववीतल्या मुलाच्या डोक्यातलं पुस्तक आहे ते आणि तेवढ्यासाठी ते खरंच भारी आहे. पण आपल्याकडे या वयाचं म्हणून जे हातात येतं त्यात मुलगेच फार. फास्टर फेणे, गोट्या, बोक्या, लंपन. आम्ही मुली कायम शेजारच्या घरात.

मुलीच्या आतलं म्हणून मला पहिल्यांदा सापडलं ते ॲन फ्रँकच्या डायरीत. ही दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेली ज्यू मुलगी, शाळेत तिच्याबद्दल 'युद्धातली शूर मुलगी' एवढंच सांगतात. तेराव्या वाढदिवसाला, 12 जून 1942 ला, तिला ती वही मिळाली, पुढच्याच महिन्यात घरचे सगळे लपायला गेले, नोव्हेंबरपर्यंत तिथं आठ माणसं झाली, ऑगस्ट 1944 मध्ये पकडले जाईपर्यंत. पण मला त्यात काय सापडलं, तर ती आईवर किती चिडते! मग कळलं की 1947 ला पुस्तक पहिल्यांदा आलं तेव्हा आईवरचा राग आणि शरीराबद्दल तिनं लिहिलेलं बरंचसं वडिलांनी काढलं होतं, ते नंतरच्या आवृत्त्यांमध्ये परत आलं. म्हणजे इतकी प्रसिद्ध मुलगी, तरी तिच्यातलं पण आधी खोडरबरनं खोडलंच की.

मी मोठ्या जोशात ती पानं आईला वाचायला दिली, की बघ, फक्त मीच नाही अशी. आईनं दुपारी झोप टाकून वाचली. आणि म्हणाली, "दोन वर्षं दार उघडायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, आठ जणांत राहायचं, खायला काय मिळेल ते पुरवायचं, मी तर रोज ओरडले असते." मला इतका राग आला! मी कुणाची बाजू दाखवायला दिलं आणि ही कुणाची बाजू घेऊन आली. मग तिनंच मला सांगितलं की ॲनची आई पण जगली नाही, जानेवारी 1945 मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत वारली. मी एवढी फॅन, पण ते माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

लंपनबद्दल एकच, नववीत मला तो बोअर झाला होता, एक गोष्ट वाचून ठेवून दिला. अकरावीला पुण्यात हॉस्टेलला आले, पहिल्या आठवड्यात रूममेटच्या कपाटात लंपनचं 'वनवास' दिसलं, आणि आईबाबांपासून लांब आजी-आजोबांकडे राहणारा तो मुलगा काय म्हणत होता ते तेव्हा कळलं. तुमची मुलगी एखादं पुस्तक अर्धवट टाकत असेल तर टाकू द्या, घरात राहू द्या फक्त.

आणि 'शाळा'चा सिनेमा एवढ्यात दाखवू नका हं. सिनेमा चांगलाच आहे, पण माझी शिरोडकर आमच्या वर्गातल्या एका मुलीसारखी दिसायची, सिनेमा बघितल्यापासून तो चेहरा जो गेला तो परत आला नाही.

तिच्याशी बोलायचंच असेल तर तुम्ही स्वतः वाचून काढा, दोन रात्रींचं काम आहे, आणि मग सहज भाजी निवडताना एक गोष्ट विचारा, माझ्यासाठी पण. जर्नलच्या मागच्या पानांवर मी शिरोडकरच्या बाजूनं लिहायला घेतलंय, चार पानं झालीत, आणि अडलेय ते तिच्या नव्या शाळेतल्या पहिल्या दिवसापाशी. ती कुणाशेजारी बसली असेल, आणि जोशीबद्दल त्या मुलीला तिनं सांगितलं असेल की नाही, ते मला काही केल्या ठरत नाहीये.