लॅपटॉप कुठला घेऊ?

प्रश्न: ताई, मुलगी यंदा पुण्याला इंजिनिअरिंगला चाललीये, होस्टेलला राहणार. दुकानदार म्हणतो गेमिंगवालाच घ्या. घेऊ का? – एक बाबा, सांगली

उत्तर: दादा, गेमिंगवाला सव्वादोन-अडीच किलोचा, वर विटेएवढा चार्जर, हे रोज पाठीवर घेऊन बसमध्ये चढायचं म्हणजे दिवाळीपर्यंत तो रूमवरच पडून राहील बघा. दीड किलोच्या आसपासचा, १६ जीबी रॅम (चालू कामासाठीची मेमरी), ५१२ जीबी एसएसडीवाला (फायली साठवायची जागा) घ्या, फक्त रॅम नंतर वाढवता येते का ते आधीच विचारा, कारण बऱ्याच पातळ मॉडेलमध्ये ती बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची चिकटवलेली असते. मेकॅनिकल-सिव्हिल असेल, थ्रीडी डिझाइन करायचं असेल तर मात्र वेगळं ग्राफिक्स कार्ड (चित्रं-डिझाइनचं काम सांभाळणारा भाग) असलेलं बरं, मग वजन सोसायचं. आणि हो, सी-टाइप चार्जिंग बघा, त्याच चार्जरवर मोबाईलही होतो, होस्टेलात प्लग किती असतात माहितीये ना!