इंग्लंडच्या न्यू फॉरेस्टमध्ये माउंटन बाइक कुठूनही दामटता येते का?

नाही. नॅशनल पार्क असलं तरी सायकल फक्त ठरवून दिलेल्या खडीच्या वाटांवरच चालवायची. या वाटा थोड्याथोडक्या नाहीत, मिळून १६० किलोमीटरच्या वर भरतात. फाट्यांवर आकडे घातलेले बुटके लाकडी खांब असतात, ते नकाशाशी ताडत जायचं. पायवाट कितीही खुणावत असली तरी आत शिरू नका. आतल्या हीदरच्या (जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या) माळावर टिटवीच्या जातीचे पक्षी चक्क जमिनीवर अंडी घालतात, मार्च ते जुलै तर फारच जपून.

सुरुवात ब्रोकनहर्स्ट स्टेशनवरून करा, लंडनहून थेट गाडी आहे. तिथून बर्ली गावाकडे जाताना जुन्या रेल्वेमार्गाचा पट्टा लागतो, एकदम सपाट. ऑगस्टमध्ये गेलात तर दोन्ही बाजूंना माळ जांभळा झालेला असतो.

खरी गंमत तट्टांची. मोकळी दिसली तरी प्रत्येकाला मालक आहे. वाटेत आडवी उभी राहतात, घंटी वाजवली तरी ढिम्म! वेग कमी करून लांबून वळसा घाला, खायला देऊ नका.

उड्या वगैरे हवं असेल तर पार्कबाहेर रिंगवूड गावाजवळचं मूर्स व्हॅली कंट्री पार्क बघा.