कोणता फोन घेऊ, विचारलंस म्हणून

पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री वाचला. 'काका, आता हॉलिवूडवालेसुद्धा फोनवर शूट करतात, मग मी दीड लाखाचा फोन घेऊ का?' घेऊ नकोस. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत तरी थांब.

तू ज्याच्यावरून हे म्हणतेस तो '२८ इयर्स लेटर' हा भयपट २०२५ साली आला. दिग्दर्शक डॅनी बॉइल, कॅमेरा अँथनी डॉड मँटलचा. बराचसा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर. बजेट ६ ते साडेसात कोटी डॉलर! यात फोन कितीचे असतील, सांग बरं. फोनला धातूचा पिंजरा, त्याला मोठ्या लेन्स जोडायचे अ‍ॅडॉप्टर, काही सीनना एकाच रिगवर, म्हणजे चौकटीवर, २० फोन, शिवाय ड्रोन आणि दुसरे कॅमेरे. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या मोकळ्या रानात फार लटांबर न नेता शिरायचं होतं, म्हणून फोन. याच दोघांनी २००२ सालचा पहिला भाग बहुतांश कॅनन एक्सएल १ या छोट्या डिजिटल कॅमकॉर्डरवर केला होता. ओसाड लंडन दाखवायला पहाटे रस्ता थोडाच वेळ अडवता यायचा, त्यात छोटे कॅमेरे चटकन मांडता येत. म्हणजे आधी जागा ठरली, मग कॅमेरा.

पैसे नाहीत म्हणून फोन, असंही झालंय. शॉन बेकरने 'टँजरिन' (२०१५) आयफोन ५एसवर केला, लाखभर डॉलरमध्ये. पण आवाज? तो वेगळ्या, व्यावसायिक सामग्रीवर. हे कुणी रीलमध्ये सांगत नाही.

आता माझं ऐक. ठाण्यात घोडबंदर रोडच्या सेटवर फोकस ओढण्यात, म्हणजे शॉट चालू असताना चित्र स्पष्ट ठेवण्यात, माझी बावीस वर्षं गेली. फोनवरचं पहिलं काम कोपरीच्या चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत केलं. ओट्याशी भाकरी थापणारी बाई. नेहमीचा कॅमेरा लावायचा तर भिंत पाडावी लागली असती. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला आणि काम झालं. तिच्या बांगडीला लागलेलं पीठसुद्धा दिसत होतं. मी खूश. रात्री मॉनिटरवर पाहिलं तर तव्यावरून भाकरी विस्तवावर गेली, की अख्खी खोली काळवंडायची आणि भाकरी उचलली की पुन्हा उजळायची. फोन आपला आपणच उजेड ठरवत होता. एक्स्पोजर, म्हणजे किती उजेड घ्यायचा ते, लॉक करायला मी विसरलो होतो, मी, बावीस वर्षांचा फोकस पुलर!

आणखी एक फजिती. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला, नंतर चित्राशी जुळवायला टाळीही दिली. पण फोनच्या मूळ अ‍ॅपमध्ये फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, एकसारखा राहत नाही, जरा मागेपुढे होतो. सात मिनिटांच्या टेकच्या शेवटी ओठ आधी, शब्द मागून. फ्रेमरेट बांधून ठेवणारं अ‍ॅप वापर. ब्लॅकमॅजिकचं फुकट मिळतं. महागड्या फोनमधलं प्रोरेस, म्हणजे फार न दाबता साठवलेला जड व्हिडिओ, तुला आत्ता नको. फोर-केला मिनिटाला ६ जीबी खातं. तुझा लॅपटॉप हात जोडेल.

आणि मे महिन्यात दुपारी गायमुखला जाऊ नकोस. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा, असं कंपनीच सांगते. आपल्याकडे त्याच्या वरच जातं. स्क्रीन अंधारते, मग फोन 'तापलोय' म्हणून बसतो आणि नटमंडळी छत्रीखाली तुझ्याकडे बघत राहतात.

तर आज संध्याकाळी असं कर. आहे तोच फोन घेऊन साडेसातला तलावपाळीला जा. मैत्रिणीला सोबत ने. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर सेकंदाचा पन्नासावा भाग, एक्स्पोजर आणि फोकस दोन्ही लॉक. आपली वीज ५० सायकलची, त्यामुळे या शटरला बहुतेक दिवे लुकलुकत नाहीत. एखादी स्वस्त एलईडी पाटी तरीही पट्टे मारेल, ती फ्रेमबाहेर ठेव. मग मैत्रिणीला भेळवाल्याच्या दिव्यापासून एकेक पाऊल लांब उभी कर. पाचव्या पावलाला तिच्या डोळ्यातला दिव्याचा चमकता ठिपका जातो आणि चेहरा मेल्यासारखा दिसतो. तिथून एक पाऊल पुढे आण. झूम करायचा नाही, स्वतः चालायचं. हातात पांढरा थर्माकोल असेल तर दुसऱ्या गालाशी धरून बघ, उजेड त्यावरून परततो. दहा रुपयांच्या त्या तुकड्यासाठी आमचे लाइटमन भांडायचे.

आवाजाचं फोनवर सोडू नकोस. तिथल्या रिक्षांच्या हॉर्नमध्ये तिचा एक शब्द हाती लागणार नाही. माझा जुना रेकॉर्डर आणि कॉलर माइक कपाटात पडून आहे, रविवारी येऊन घेऊन जा. सेल तुझे तू आण. मागच्या खेपेला एकाने रेकॉर्डर नेला, तो आतले सेल फुटेपर्यंत परत आणला नाही.

तुझा,
काका